नवीन स्कायडायव्हरसाठी: आधी काय घ्यायचं, काय थांबवायचं आणि विमानात कधी चढायचं नाही

गोव्यातून स्कायडायव्हिंग शिकायला जाणारी पोरं आता बरीच दिसायला लागलीत, कोणी दुबईत नोकरीला असताना कोर्स करतो, कोणी थायलंडला जातो, कोणी हरयाणात नारनौलला. आणि लायसन हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला, रिग (पाठीला लावायची बॅग, त्यात मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट) कुठली घेऊ? अरे बाबा, थांब जरा. रिग नंतर. आधी हे समजून घे की या खेळात बहुतेक निर्णय पाय जमिनीवर असताना घ्यायचे असतात, वर फक्त ते पाळायचे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण इथे सगळे एकच समजतात. कळंगुट-बागाचं पॅरासेलिंग म्हणजे बोटीला दोरीने बांधलेलं पॅराशूट. हरमल-केरीचं पॅराग्लायडिंग म्हणजे आधीच हवा भरलेला पंख घेऊन कड्यावरून निघायचं. स्कायडायव्हिंगमध्ये तुम्ही बंद पॅराशूट पाठीला लावून विमानातून बाहेर पडता आणि ते वाटेत उघडायचं असतं. त्यामुळे बीचवर ओळखीचा कोणी पायलट असेल तर तो माणूस कितीही चांगला असू दे, तुमच्या रिगबद्दल त्याचा सल्ला चालणार नाही. आणि परवानगी, इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, गियरची तपासणी हे विचारायला लाजायचं नाही, २०२५ च्या जानेवारीत केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पर्यटक मुलगी आणि पायलट दोघंही गेले ते आपण सगळ्यांनी वाचलंय. हवाई खेळांसाठी केंद्राचं राष्ट्रीय धोरण २०२२ मध्ये आलं, पण पैसे देताना प्रश्न आपणच विचारायचे असतात.

आता वेळेचा हिशोब, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. पोटावर पडताना वेग ताशी साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे हजार फूट पाच-साडेपाच सेकंदात संपतात. ३००० फुटांवर असाल आणि काहीच केलं नाही तर जमिनीपर्यंत सतरा सेकंदांच्या आसपास. अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेच्या नियमात ए लायसनवाल्याने (म्हणजे पहिल्या पायरीच्या) मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट, उघडायची कमीत कमी उंची ३००० फूट आहे, आणि मेन नीट नसेल तर कटअवे, म्हणजे ते सोडून देऊन रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडायचं की नाही हे २५०० फुटांपर्यंत ठरवायचं. हे आकडे पाठ करून उपयोग नाही, मेन नीट नसताना ऑल्टिमीटरवर (मनगटावरचं उंची दाखवणारं यंत्र) २५०० दिसलं की हात आपोआप हँडलकडे गेला पाहिजे. मी तर म्हणेन नवीन माणसाने ४०००-४५०० लाच उघडावं (इन्स्ट्रक्टरला सांगून, म्हणजे मागचे-पुढचे गोंधळत नाहीत), फ्रीफॉलची (पॅराशूट उघडायच्या आधी पडण्याची) पाच-आठ सेकंदं कमी झाली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. मेन उघडल्यावर वर बघा, आकार चौकोनी आहे का, स्लायडर (दोऱ्यांवरून सरकणारा कापडाचा तुकडा) खाली आलाय का, मग टॉगल (वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) ओढून पॅराशूट वळतं का आणि फ्लेअर होतं का (दोन्ही ओढल्यावर वेग कमी होतो का) ते तपासा. नाही जमत? उजवीकडचं लाल हँडल, मग डावीकडचं रिझर्व्हचं. रोज विमानात चढायच्या आधी हे हाताने करून बघायचं, लोक हसले तरी.

आता खर्च. नवीन पूर्ण रिग घ्यायची तर सहा-सात लाखांच्या पुढे सहज जाते, म्हणून सुरुवातीला ड्रॉपझोनवरची (जिथे उड्या मारतात त्या तळावरची) भाड्याची रिगच वापरा. स्वतःचं पहिलं म्हणजे ऑल्टिमीटर, त्यानंतर डोक्याला नीट बसणारं हेल्मेट आणि गॉगल, जमलं तर ठरलेल्या उंचीला कानात वाजणारा ऑडिबल. पण ऑडिबल हा मदतनीस, त्याच्या भरवशावर मनगटाकडे बघायचं सोडलं की झालं, बॅटरी एक दिवस संपतेच. बूट साधे, घोट्याला आधार देणारे, हुक नसलेले, कारण हुकात दोरी अडकते. आणि कपडे असे की हँडल झाकली जाणार नाहीत. कोणी ना कोणी लगेच शीतल महाजनांचं उदाहरण देतं, पहिलीच उडी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून. खरंय, अभिमानाचंच आहे. पण नऊवारीतल्या उडीपर्यंत त्यांच्या शेकडो उड्या झाल्या होत्या, आणि उत्तर ध्रुवावर पहिली उडी हा तुमच्या-माझ्यासाठी अभ्यासक्रम नाही.

कॅनोपीच्या (म्हणजे पॅराशूटच्या कापडाच्या) साईझवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माणसं इथेच फसतात. गणित सोपं आहे: तुमचं वजन अधिक सगळं गियर, किलोचे पाउंड करायचे, आणि कॅनोपी जितके स्क्वेअर फूट त्याने भागायचं. समजा वजन ७० किलो, गियर-कपडे मिळून १२, झाले ८२ किलो म्हणजे साधारण १८० पाउंड. १९० ची कॅनोपी घेतली तर विंग लोडिंग (म्हणजे हाच भागाकार) ०.९५, आणि मित्र स्वस्तात देतोय ती १५० ची घेतली तर १.२. कागदावर फरक चिमूटभर वाटतो, पण १.२ वाली वेगाने पुढे जाते, टॉगल जरा ओढला की लगेच वळते, वळताना उंची भसाभस खाते आणि फ्लेअरची वेळ थोडी जरी चुकली तरी माफ करत नाही. नवीन माणसाने १.० च्या आत राहायचं, विषय संपला. आणि ज्यांचं वजन ५० च्या आसपास आहे त्यांनी अजून सावध राहायचं, त्यांचं गणित १३५ ला पण १.० देतं, पण लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात आणि त्याच लोडिंगला ती मोठीपेक्षा जास्त चपळ वागते, म्हणून ताई, "तुला १३५ चालेल" असं कोणी म्हणालं तरी १७० वर बरेच दिवस काढ. "पुढे लागेलच ना छोटी, मग आत्ताच घेऊ" हा तर पोराला वाढत्या मापाचे बूट घेण्याचा उलटा प्रकार आहे. लागेल तेव्हा बघू, जुनी कॅनोपी विकली जाते, घोटा मोडला की तो विकता येत नाही.

रिझर्व्हच्या साईझकडे तर कोणी बघतच नाही. मेन १९० आणि रिझर्व्ह १२६ अशा सेकंडहँड रिग्स विकायला असतात. रिझर्व्ह ज्या दिवशी लागतं तो दिवस आधीच वाईट असतो, उंची कमी, खाली कोणाचं तरी शेत किंवा माडांची राई, कदाचित तुम्ही शुद्धीवर पण नाही. तेव्हा डोक्यावर मोठं कापड असलेलं बरं.

एएडी म्हणजे ठराविक उंचीला तुम्ही अजून वेगात पडत असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. सायप्रस, व्हिजिल, एमटू ही नेहमीची नावं. त्याशिवाय उडी नको, लाखाच्या वर किंमत आहे तरी नको. एक्स्पर्ट मोडमधलं सायप्रस साधारण २२५ मीटरवर म्हणजे ७५० फुटांवर काम करतं, हे लक्षात घेतलं की कळतं की २००० ला मेन उघडणं आणि ती हळूहळू फुलणं किती अंगाशी येऊ शकतं, दोन्ही कॅनोपी एकदम बाहेर येतात. सेकंडहँड एएडी घेताना तयार झाल्याची तारीख, राहिलेलं आयुष्य, सर्व्हिसची नोंद बघा, आणि मोड बघा, कारण स्टुडंट मोड फार कमी वेगालाच रिझर्व्ह उघडतो, उघडलेल्या कॅनोपीखाली जमिनीजवळ जोरात गिरक्या घेतल्या तरी. आणि ते ड्रॉपझोनवर पोचूनच चालू करायचं, घरी किंवा हॉटेलात नाही, कारण ते जिथे चालू करता तिथली जमीन शून्य धरतं. म्हापशाला शून्य धरून नारनौलला उडी मारली तर शून्य कुठे आणि जमीन कुठे.

आरएसएल (मेनपासून रिझर्व्हला जोडलेली पट्टी) असेल तर जोडलेलीच ठेवा, कटअवे केल्यावर ती रिझर्व्ह ओढते, पण ती आहे म्हणून दुसरं हँडल ओढायचं सोडायचं नाही.

सेकंडहँड रिगचे पैसे द्यायच्या आधी ती स्वतःच्या ओळखीच्या रिगरकडे (पॅराशूट तपासणारा-पॅक करणारा कारागीर) उघडून बघायची, विकणाऱ्याच्या रिगरकडे नव्हे. दोऱ्या आखडल्यात का, रायझरच्या (दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) रिंगा, क्लोजिंग लूप (बॅग बंद ठेवणारी दोरी), रिझर्व्ह किती वेळा पॅक झालाय. आणि हार्नेस, म्हणजे अंगावरचे पट्टे, तुमच्या अंगाला बसतो का, सैल हार्नेसमध्ये उघडताना हँडल जागेवरून सरकतात. घासाघीस करायचीच असेल तर रंगावर करा.

आता उडी न मारण्याबद्दल. वारा: विद्यार्थ्यांसाठी यूएसपीएची मर्यादा १४ मैल म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या आसपास, लायसन मिळालं म्हणून दुसऱ्याच दिवशी ती विसरायची नाही. झोत येत असतील, म्हणजे वारा एकदम वाढून पडत असेल, तर सरासरी कमी असली तरी बसून राहा. झाडं, इमारती, हँगरच्या मागे (वारा पुढे जातो त्या बाजूला) त्यांच्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असते, तिथे उतरायचं नाही. खंड: ए लायसनवाल्याने साठ दिवस उडी मारली नसेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर रिफ्रेशर करायचा, आणि आपल्याकडे पावसाळा म्हटला की जून ते सप्टेंबर गेलाच, म्हणजे दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तुम्ही आपोआप रिफ्रेशरवाले. सुट्टी घेतली, तिकिटाचे पैसे गेले, शेवटचा दिवस आहे, ही कारणं पायलटला सांगा, वाऱ्याला कळत नाहीत. ढगांमुळे विमान परत उतरायला लागलं तर विमानात बसून उतरा, त्यात काही कमीपणा नाही.

कॅमेरा दोनशे उड्यांनंतर. हो, ते छोटं गोप्रो पण. वजनाचा प्रश्न नाहीच मुळी, रीलमध्ये लक्ष गेलं की ऑल्टिमीटरकडे जात नाही, आणि त्यात दोरी अडकू शकते ते वेगळंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या खेळातले बरेच अपघात पॅराशूट न उघडल्याने होत नाहीत, नीट उघडलेल्या चांगल्या कॅनोपीखाली होतात. माणूस खाली येतो, दिसतं की वाऱ्याच्या दिशेनेच चाललोय किंवा समोर कुंपण आहे, आणि शंभर फुटांवर एक टॉगल पूर्ण ओढतो. कॅनोपी वळताना नाक खाली घालते, तुम्ही बाहेर फेकले जाता आणि परत खाली झुलून सरळ व्हायला जी उंची लागते ती शिल्लकच नसते. म्हणून पॅटर्न, म्हणजे उतरायचा मार्ग, आधीच ठरवा, हजार फुटांवर कुठे, सहाशेला कुठे वळायचं, तीनशेनंतर सरळ. त्यानंतर काहीही झालं तरी कॅनोपी सपाट, अडथळा टाळायचा, निदान अर्धा फ्लेअर, पाय जुळवून पीएलएफ (जमिनीला लागल्यावर अंग बाजूला लोळवायची पद्धत). वाऱ्याच्या दिशेनेच उतरायची वेळ आली तर उतरा, घसराल, चड्डी फाटेल, घरी जाल. आणि वळावंच लागलं तर अर्ध्या ब्रेकमध्ये (दोन्ही टॉगल अर्धे ओढलेले असताना) एक टॉगल थोडा वर सोडून सपाट वळायचं, हे उंचावर असताना मुद्दाम शिकून घ्या, कोचला पैसे देऊन. नव्या जंपसूटपेक्षा हा खर्च कामाचा.

बीचवर उतरायची हौस इथल्या प्रत्येकाला असते. नवीन असताना नको, वारा समुद्रावरचा, खाली शॅक, छत्र्या, माणसं, कुत्री. चुकून पाण्यावर जायची वेळ आलीच तर छातीचा पट्टा सैल करा, फ्लेअर करा, आणि पाय पाण्याला लागेपर्यंत कटअवे करू नका, पाण्यावरून उंचीचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. पोहता येतं म्हणून निवांत राहू नका, दोऱ्यांमधून बाहेर पडणं वेगळं. खाऱ्या पाण्यात बुडालेली रिग गोड्या पाण्याने धुवून थेट रिगरकडे.

गोव्यात गियर ठेवायचं हे वेगळंच प्रकरण. दमट हवा, मीठ, बुरशी, रबरबँड गळून जातात, पावसाळ्यात उंदीर. कोरड्या, अंधाऱ्या खोलीत, बॅगेत सिलिका जेल, उन्हात नाही कारण नायलॉन उन्हाने मरतं, आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही, तिथली उष्णता आणि बॅटरीचं अ‍ॅसिड दोन्ही वाईट. रिझर्व्हची पॅकिंगची तारीख अमेरिकेत १८० दिवसांची असते, इतर ठिकाणी तिथला नियम विचारा, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच करून घ्या नाहीतर रिगरकडे रांग लागते. मोपा किंवा दाबोळीहून जाताना रिग हँडबॅगेत घेता आली तर बरं, एएडीबरोबर मिळणारं एक्सरेचं कार्ड वरच्या खिशात ठेवा, आणि सिक्युरिटीवाल्याने उघडायला सांगितलं तर आवाज न चढवता समजावून सांगा, रिझर्व्हचं हँडल मात्र त्याला ओढून बघू देऊ नका.