सिरीयल चालू असताना मत कसं मांडायचं

आधी एपिसोड सांगा, मग मत. आमच्याकडे वेंगुर्ल्यात पावसात लाईट गेली की अर्ध्या वाडीचा एपिसोड चुकतो, मग लोक दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बघतात आणि तेवढ्यात तुम्ही कोण मेलं ते ग्रुपवर टाकून मोकळे, असं करू नका हो, निदान एक दिवस थांबा.

'भंगार', 'एक नंबर' एवढंच लिहून काही कळत नाय. नेमका सीन धरा. 'रात्रीस खेळ चाले' या सिरीयलचंच घ्या, 2016 मध्ये आली, शूटिंग सावंतवाडीजवळ आकेरीला, त्यामुळे इथल्या माणसाला मालवणीचा हेल कुठे खरा वाटला नि कुठे ओढून आणलेला ते सांगता येतं, आणि ते मत वाचायला खरंच मजा येते. 2019 चा दुसरा भाग पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगतो, तेव्हा नवीन बघणाऱ्यासमोर पहिल्याचा शेवट फोडू नका.

त्यातल्या खलनायकाला, अण्णा नाईकांना, हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण काम करणाऱ्या नटाला नको (हे लोकांना का कळत नाय देव जाणे). आणि पुढे मत बदललं तर बिनधास्त लिहा, सिरीयल संपेपर्यंत मत बदलू शकतंच ना.