लिंबाखालच्या निंबोळ्या झाडून फेकू नका, गोळा करून ठेवा

सध्या बांधावर, घरापुढं, देवळाच्या पारावर कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा नुसता सडा पडलाय आणि आपण काय करतो तर खराटा घेऊन झाडून उकिरड्यावर टाकतो, मग ऑगस्टमधे कपाशीवर मावा तुडतुडे आले की दुकानात उधारीवर बाटली आणायला पळतो. पाडव्याला कडू पाला खायचा, अंगणात सावलीला बसायचं, कोवळ्या काडीनं दात घासायचे, धान्याच्या कणगीत वाळलेला पाला टाकायचा, एवढं सगळं लिंबाकडून घेतो पण खरा माल तर बी मधे असतो राव.

तर आता पावसाची उघडीप मिळाली की रोज सकाळी खाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचा. हिरव्या झोडपून पाडू नका, त्यात दम नसतो. वेचल्या की पाण्यात चोळून गर काढायचा, बिया धुवायच्या आणि सावलीत हवेशीर जागी पातळ पसरून चांगल्या खडखडीत वाळवायच्या. घाई इथंच नडते. मागच्या वर्षी मी अर्धवट ओल्या बिया प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या, महिनाभरानं उघडलं तर सगळ्या बुरशीनं काळ्या, अख्खं पोतं गेलं. गोणपाटातच भरा, खाली फळी ठेवा आणि पुढच्या हंगामापर्यंत वापरून टाका, जुन्या बियांचा गुण कमी होत जातो.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी 5 किलो बियांची भरड 10 लिटर पाण्यात भिजत घालायची, सकाळी पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळायचं, नीट गाळा नाहीतर नोझल चोंदून डोक्याला ताप. त्यात 200 ग्रॅम धुण्याची पावडर 1 लिटर पाण्यात विरघळवून टाका आणि एकूण 100 लिटर करा, हाच आपला 5 टक्के निंबोळी अर्क. एकदम 100 लिटर करायचं नसेल तर पाणी न वाढवलेला गाळलेला दाट अर्क 15 लिटरच्या पंपाला साधारण दीड लिटर बसतो.

फवारा उन्हं कलल्यावरच मारा कारण त्यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरेक्टिन, उन्हात लवकर उतरतं, आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. आता एक स्पष्ट सांगतो, हे मारल्या मारल्या किडी पटापट पडत नाहीत, त्यामुळं "काही फरक नाही" म्हणणारे खूप भेटतील. यानं किडीचं खाणं सुटतं, अंडी घालणं कमी होतं, अळीला नीट कात टाकता येत नाही, म्हणून किडीची सुरुवात असतानाच मारायचा. अळी मोठी होऊन बोंडात शिरली की मग याच्या भरवशावर बसू नका.

अमेरिकेतल्या एका कंपनीनं तिथल्या कृषी खात्याला सोबत घेऊन लिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचं युरोपात पेटंट घेतलं होतं, आपल्याकडच्या लोकांनी भांडून 2000 साली ते रद्द करायला लावलं, 2005 ला अपिलातही तेच टिकलं. म्हणजे त्यांना किंमत कळली, आपण मात्र खराटा घेऊन तयार.

आणि हो, घरात लहान लेकरं असतील तर लिंबाचं तेल पोटात अजिबात देऊ नका, कुणी कितीही घरगुती उपाय म्हणून सांगो, तान्ह्या बाळांना त्याची विषबाधा होते. गाळून उरलेला चोथा पण टाकायचा नाही बरं का, शेणखतात मिसळा नाहीतर वांग्या-मिरचीच्या बुडाशी घाला.