मूल घरातल्याच माणसाचे नाव घेते तेव्हा : या चुका टाळा

घरातल्या किंवा नात्यातल्या माणसाने मुलावर केलेल्या अत्याचाराविषयी बोलताना सगळे लक्ष अत्याचार करणाऱ्यावर राहते. हा लेख मुलाभोवतीच्या इतर माणसांविषयी आहे. आई, आजी, मावशी, थोरला भाऊ, शाळेतल्या बाई, म्हणजे ज्यांच्या कानावर ही गोष्ट पहिल्यांदा जाते ती माणसे. त्यांचा हेतू क्वचितच वाईट असतो, पण पहिल्या काही दिवसांत त्यांच्या हातून जे चुकते त्याची किंमत मूल वर्षानुवर्षे मोजते. मूल पुढे किती सावरेल हे त्याच्या स्वभावापेक्षा या माणसांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. म्हणून इथे सांगितलेल्या बहुतेक चुका मोठ्यांच्याच आहेत.

धोका बाहेरच शोधणे

"अनोळखी माणसाने दिलेले चॉकलेट घेऊ नकोस" हे आपण मुलांना न चुकता सांगतो. महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास ठेवावा अशा जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाही सांगितलेले नव्हते. कुंपणच शेत खात असेल तर वाटसरूपासून सावध राहण्याची शिकवण अपुरी पडते. पाहुणे आले की "काकांना पापी दे", "आजोबांच्या मांडीवर बस, असा काय करतोस" असा आग्रह करणारे घर मुलाला नकळत एक धडा देते, तो असा की मोठ्या माणसाला शरीराच्या बाबतीत नाही म्हणायचे नसते. मूल नको म्हणत असेल तर नमस्कारावर भागवावे. त्याने कोणाचाही अपमान होत नाही.

त्याच पाहणीत अत्याचाराचे सांगणाऱ्यांमध्ये मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिक होते. तरीही मुलग्याने काही सांगितले की त्याची चेष्टा होते किंवा "पोरांचं काय एवढं" म्हणून विषय संपवला जातो. लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा 2012 चा कायदा, म्हणजेच पोक्सो, 18 वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक करत नाही.

स्पष्ट तक्रारीची वाट पाहणे आणि मग उलटतपासणी घेणे

मूल सहसा "माझ्यावर अत्याचार झाला" असे सांगत नाही. ते म्हणते, "मला मामाकडे राहायला नाही जायचं", किंवा "दादाचा तो खेळ मला नाही आवडत." हे ते भलत्याच वेळी बोलते, आई पोळ्या लाटत असताना किंवा दिवा मालवल्यावर अंधारात. अर्धे वाक्य बोलून ते आपल्या चेहऱ्याकडे बघते. त्या क्षणी "काहीतरीच काय बोलतेस" एवढे तीन शब्द त्याचे तोंड बंद करायला पुरेसे असतात.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते. घाबरलेली आई मुलीला दंडाला धरून विचारते, "कुठे हात लावला? इथे? का इथे? किती वेळा? तू ओरडली का नाहीस?" यातल्या पहिल्या प्रश्नांनी मुलीच्या तोंडी उत्तर घातले जाते आणि पुढे न्यायालयात बचावपक्षाचा वकील नेमके तेच दाखवून देतो. शेवटच्या प्रश्नाने दोष तिच्यावर येतो. त्याऐवजी हातातले काम बाजूला ठेवावे, तिच्या उंचीला येऊन बसावे आणि "कोणता खेळ?", "मग काय झालं?" असे मोकळे प्रश्न मोजकेच विचारावेत. ती थांबली तर थांबू द्यावे. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढे सांगावे आणि तिने वापरलेले शब्द तिच्याच भाषेत, तारीख घालून, त्याच दिवशी लिहून ठेवावेत. "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मग आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्यासमोर तेच पुन्हा वदवून घेण्याचा मोह आवरावा. मुलाला ते प्रत्येक वेळी नव्याने भोगावे लागते.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याची आणि कपडे धुऊन टाकण्याची घाई करू नये. ती प्रत्येक आईला सुचते, पण पुरावा तिथेच असतो. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पिशवीत ठेवावेत आणि शक्य तितक्या लवकर, पहिल्या 72 तासांच्या आत, रुग्णालयात जावे. उशीर झाला असला तरी जावेच, कारण जखमा, संसर्ग आणि गर्भधारणेची शक्यता तपासणे तेव्हाही गरजेचे असते. गुन्हा नोंदवलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. मुलगी असेल तर ती महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार विनामूल्य द्यावे लागतात.

घरातल्या घरात मिटवणे

झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबाने सर्वांत जास्त मुलांचे नुकसान झाले आहे असे मला वाटते. भावकीतली वडीलधारी मंडळी बसतात, संशयिताला समोर बोलावतात, तो रडतो किंवा देवाची शपथ घेतो, कोणीतरी त्याच्या कानाखाली वाजवते आणि प्रकरण संपले असे ठरते. त्याला सावध होण्याची संधी मिळते, मोबाईलमधले पुरावे पुसले जातात आणि मुलाला धमकावण्यासाठी तो त्याच घरात मोकळा राहतो. दोघांना समोरासमोर बसवून "खरं कोण बोलतंय" असे विचारणे तर क्रूरपणाच आहे.

कायद्याने इथे निवड ठेवलेलीच नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने, मग ती आई असो, शिक्षक असो वा डॉक्टर, पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात माहिती असूनही न कळवल्याबद्दल डॉक्टरवर नोंदवलेला गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि असे मौन हा स्वतःच गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. नात्यातल्या माणसाने केलेला अत्याचार कायदा अधिक गंभीर मानतो. बलात्काराच्या स्वरूपाचा गुन्हा असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 20 वर्षांची आहे. या कडक शिक्षेमुळेच काही घरे तक्रारीला अधिक बिचकतात, हेही नाकारता येत नाही.

पोलिसांच्या दारात मुलाला नेण्याची भीती मात्र बरीचशी अज्ञानातून येते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता आणि मुलाच्या विश्वासातल्या माणसाच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेला पडू नये अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. व्यवहारात यातले सगळे आपोआप घडत नाही, म्हणून ते माहीत असावे आणि मागावे. पोलीस बाल कल्याण समितीला 24 तासांत कळवतात. समितीकडे खटला संपेपर्यंत सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती मागता येते. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मुलालाच घराबाहेर काढणे

गोष्ट उघड झाली की मुलीची रवानगी आजोळी किंवा वसतिगृहात होते आणि ज्याच्यामुळे हे घडले तो माणूस आपल्या खोलीत, आपल्या ताटावर राहतो. मूल यातून एवढेच समजते की बोलण्याची शिक्षा झाली. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, धाकट्या भावंडाची काळजी लागते. घरात राहिलेल्या त्या भावंडाला तोच धोका असतो, हे तर अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

घर ज्याच्या पगारावर चालते तोच आरोपी असेल तर आईची कोंडी खरी असते आणि तिला उपदेश करून ती सुटत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याचा इथे उपयोग होतो, आणि तो फार थोड्या जणींना ठाऊक असतो. या कायद्याखाली दंडाधिकारी त्या पुरुषाला राहत्या घरातून बाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात आणि खर्चाची रक्कमही ठरवू शकतात. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. महाराष्ट्रात 2013 पासून अत्याचारपीडितांसाठी मनोधैर्य योजनाही आहे, तिच्या आर्थिक साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. वकील परवडत नसेल तर तेथूनच विनामूल्य मिळतो.

मुलाने शब्द फिरवला की ते खोटे ठरवणे

तक्रारीनंतर महिनाभरात मूल "तसं काही झालं नव्हतं" म्हणू लागते, आणि सुटल्यासारखे होऊन घर त्यावर लगेच विश्वास ठेवते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्ये घरातल्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांच्या वागण्याचा क्रम मांडला होता. गुप्तता, असहायता, अडकून पडून जुळवून घेणे, उशिरा व अडखळत केलेली वाच्यता आणि शेवटी माघार. ती माघार खरे-खोटे ठरवण्याची कसोटी म्हणून वापरू नये. आई रडते आहे, बाबा तुरुंगात आहेत, घरात पैसे नाहीत, हे सगळे आपल्यामुळे झाले, असा हिशेब आठ वर्षांचे मूलही करते. अशा वेळी त्याला पुन्हा न विचारता समुपदेशकाला आणि साहाय्यक व्यक्तीला कळवावे.

सावरण्याची घाई

"लहान आहे, विसरेल" आणि "आता हिचं आयुष्य वाया गेलं" ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, कधी एकाच संध्याकाळी ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत. 1998 मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांच्या माहितीवरून दाखवले की बालपणीच्या छळाचे आणि घरातल्या हिंसेचे प्रकार जितके अधिक, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा आणि हृदयविकाराचाही धोका वाढलेला दिसतो. विसरणे म्हणजे बरे होणे नव्हे, एवढे त्यातून कळते. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांतील काउआई येथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. तो अभ्यास केवळ अत्याचाराचा नव्हता. गरिबी, व्यसनी पालक, सतत भांडणारे घर अशा अनेक आपत्तींत वाढलेली मुले त्यात होती. त्यांच्यातली सुमारे एक तृतीयांश मुले आत्मविश्वासू, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. ज्यांची वाट तारुण्यात बिघडली होती त्यांच्यातलेही बरेच जण तिशी-चाळिशीत स्थिरावले. या मुलांत पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट म्हणजे बालपणी भरवशाचे किमान एक प्रौढ माणूस. अनेकदा ते आईवडील नव्हतेच. आजी होती, शेजारीण होती, शिक्षक होते. लेखाच्या सुरुवातीला मांडलेल्या मताला माझा आधार हा आहे.

म्हणून मुलाला "तू किती खंबीर आहेस" असे येता-जाता ऐकवू नये. त्या कौतुकाचे ओझे होते आणि रात्री दचकून उठल्याचे सांगायलाही मूल लाजते. पहिला नंबर काढणारी मुलगी बरी झाली असे गृहीत धरणे हीदेखील फसगत आहे, कारण काही मुले अभ्यासात डोके खुपसूनच दिवस ढकलतात. नेमकी वेळ पाळणारे घर, झोपताना आतून लावता येणारी कडी, दिलेला शब्द मोडणार नाही असे एक माणूस आणि आघातावर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक यांचा उपयोग शाबासकीपेक्षा पुष्कळ अधिक होतो.

पंचवीस वर्षांनी सांगणाऱ्याला "आता कशाला" विचारणे

अनेक जण प्रौढपणी, स्वतःचे मूल त्या वयाचे झाल्यावर, पहिल्यांदा बोलतात. "आता ते म्हातारे झालेत, माफ कर" असे त्यांना सांगणारा बहुधा स्वतःची सोय पाहत असतो. माफ करणे किंवा न करणे सर्वस्वी त्यांच्या हाती आहे आणि त्यावाचूनही माणूस नीट जगू शकतो. लग्नकार्यात त्या माणसाच्या पाया पडायला लावू नये. आमंत्रण देताना तो येणार आहे की नाही हे आधी सांगावे आणि न येण्याचे कारण इतर पाहुण्यांना पुरवण्याचे काम यजमानाने आपल्या अंगावर घ्यावे. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज भासली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. तक्रार करावीशी वाटली तर गंभीर गुन्ह्यांना कायद्याने मुदत घातलेली नाही, मात्र पोक्सो 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झाल्यामुळे त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची तेव्हाची कलमे लागतात. म्हणून घटना कोणत्या वर्षांतली आहे हे आधी मांडून मग वकिलाकडे जावे. त्या माणसाच्या आसपास आज दुसरे एखादे लहान मूल असेल तर ते वकिलाला आणि 1098 वर लगेच सांगावे.