पहिला पॅच पाठवायच्या आधी नाव ठरवून ठेवा

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन येणाऱ्या पोरांचा हमखास प्रश्न, "ताई, खरं नाव द्यावं लागतं का, आधार मागतात का?" तर नाही, पॅच म्हणजे कोडमधला तुमचा बदल पाठवायला कुणी ओळखपत्र मागत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नाव काय वाट्टेल ते टाका, तो तपासत नाही. पण टाकाल ते हिस्टरीत राहतं, ईमेलसकट, म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या सेटिंगमध्ये ईमेल प्रायव्हेट ठेवायचा ऑप्शन आहे तो चालू करा आणि तिथला नोरिप्लाय पत्ता (खरा ईमेल लपवणारा) वापरा. मुलींनी तर नक्कीच, का ते सांगायला नको.

टोपणनाव चालतं का ते प्रोजेक्टवर आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स सिस्टमच्या गाभ्याच्या) साइन-ऑफला, म्हणजे पॅचखाली नावानिशी लिहायच्या ओळीला, आधी खरं नावच लागायचं, २०२३ मध्ये नियम बदलला, आता लोकांना माहीत असलेली ओळख चालते, निनावी नाही. ही साइन-ऑफची भानगड २००४ ची, एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आमचा कोड आहे म्हणून केलेल्या कोर्टकेसनंतर आलेली, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही त्यात लिहून देता. त्यामुळे नोकरीत असाल तर आधी ऑफर लेटरमधलं आयपीचं (तुम्ही लिहिलेला कोड कुणाच्या मालकीचा याचं) कलम वाचा, टोपणनाव घेतलं म्हणून त्यातून सुटका नाही.

डेबियन या लिनक्सवरच्या सिस्टमचं डेव्हलपर व्हायचं तर मात्र तुमच्या जीपीजी कीवर (ओळख पटवायच्या डिजिटल किल्लीवर) आधीपासून डेव्हलपर असलेल्यांची डिजिटल सही लागते, शक्यतो समोरासमोर भेटून. माझी माटुंग्याला उडप्याकडे झाली. मी कीचा चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट (तिची ओळखखूण) वाचत होते, सही करणारा बंगळुरूचा माणूस चार-चार अक्षरांवर टिक करत होता, मग पासपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि विचारतो, गिव्हन नेममध्ये दोन नावं कशी? दुसरं वडिलांचं, आमच्याकडे असंच असतं, हे समजावेपर्यंत कॉफी गार. सही त्याने घरी जाऊन केली आणि एनक्रिप्ट करून कीवरच्याच ईमेलला पाठवली, म्हणजे ईमेलही माझाच हे कळलं.

एवढं करून माणसाचा हेतू कळतो का? एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जिया टॅन नावाने कुणीतरी २०२१ पासून सरळ पॅच देत मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारं) झालं आणि २०२४ ला बॅकडोर, म्हणजे आत शिरायची चोरवाट असलेला कोड, घातला. तो चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवून घेतात त्या गठ्ठा फाइलमध्ये) होता. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून केलेलं) अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं म्हणून. खोटा पासपोर्ट बनवणाऱ्यापुढे ओळखपत्र काय करणार, माझा तरी कोड वाचणाऱ्यावर जास्त भरवसा आहे.

आणि कुणी चॅटवर आधारचा फोटो मागितला तर देऊ नका, मेंटेनर असला तरी. गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाच्या स्टायपेंडसाठी कागदपत्रं लागतात, पण ती पेमेंटवाल्या साइटवर भरायची, मेंटॉरला पाठवायची नाहीत.