पहिल्या पेशंटआधीची यादी

वैद्यकीय शिक्षण चालू असताना संशोधनाचा पहिला प्रकल्प हातात घ्यायचा, तर लॅपटॉप, वही, वाचायची चिकाटी यांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. पेशंटला धोका नाही ना हे संशोधनाआधी तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्राची द्यावी लागते. म्हणून या यादीत ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी विषय. ‘मधुमेह आणि जीवनशैली’ हा विषय नाही, ते ग्रंथालयातलं एक कपाट झालं. ‘ओपीडीत येणाऱ्या मधुमेहींपैकी किती जण रोज स्वतःचे पाय तपासतात?’ हा विषय. प्रश्नचिन्हाने संपणारं एक वाक्य लिहिता येईपर्यंत पुढचं काही उघडू नका. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, शोधताना मेश शब्द (त्या सूचीचे ठरावीक विषयशब्द) वापरा, आणि शोधाची नेमकी ओळ तारखेसह उतरवून ठेवा; काही महिन्यांनी ‘तो पेपर कुठे बघितला होता’ यात दिवस जातात. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. बस.

गाइड, म्हणजे प्रकल्पाचे मार्गदर्शक शिक्षक, नाव बघून निवडू नका. ज्यांच्या युनिटमध्ये तुमच्या प्रश्नाचे पेशंट खरोखर येतात आणि जे मसुदा वाचून परत देतात, ते गाइड. पहिल्याच भेटीत विचारा की पेपरवर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने. विचारायला अवघड वाटतं, पण पेपर लिहून झाल्यावर तोच प्रश्न दसपट अवघड होतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक ठरण्यासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. फक्त विभागप्रमुख असणं ही पाचवी अट नाही.

आणि गाइड म्हणाले ‘करा सुरू’, तर ती मंजुरी नव्हे. गाइडला ती देण्याचा अधिकारच नाही.

नमुना किती, म्हणजे किती पेशंट घ्यायचे, हे ‘साधारण शंभर’ म्हणून ठरवू नका. एखाद्या गोष्टीचं प्रमाण मोजायचं असेल तर सोपं सूत्र आहे: आधीच्या अभ्यासांतलं प्रमाण ३० टक्के आणि चालणारी चूक दोन्ही बाजूंना ५ टक्के धरली, तर ४ × ३० × ७० भागिले ५ × ५, म्हणजे ३३६. दहा टक्के लोक नकार देतील असं धरा. ३७४ जणांना विचारावं लागेल. आता हिशेब करा: कामाचे चाळीस दिवस हातात असतील तर रोज नऊ-दहा जण, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे लेक्चर सांभाळून रोज तीन तासांहून जास्त. जमत नसेल तर चूक १० टक्के धरा, आकडा ८४ वर येतो. उत्तर तेवढंच ढोबळ मिळेल, हे मात्र प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहा.

आता एथिक्स कमिटी. कमिटी रोज बसत नाही. बैठकीची तारीख ठरलेली असते आणि कागद त्याच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात. ती तारीख आजच कार्यालयात जाऊन विचारा आणि तिथून उलटं मोजत वेळापत्रक आखा. फाइलमध्ये प्रोटोकॉल, पेशंटसाठी माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली आणि संशोधकांची माहिती. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. बहुतेक फाइली परत येतात त्या विज्ञानामुळे नाही: संमतीपत्र पाठ्यपुस्तकी भाषेत असतं, भाषांतर मूळ मजकुराशी जुळत नाही, नमुन्याच्या आकड्याचं कारण दिलेलं नसतं. शंका येतील, लेखी उत्तर द्यावं लागेल, पुन्हा वाट बघावी लागेल. हा वेळ वेळापत्रकात हवाच.

पत्र हातात येईपर्यंत एकही पेशंट नाही. ‘नुसती प्रश्नावली तर आहे’ चालत नाही. ‘जुने केसपेपरच तर बघायचेत’ हेही चालत नाही: संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूटही कमिटी देते, तुम्ही स्वतःला देत नाही. ‘फॉर्म नीट चालतो का बघायला चार जणांना विचारलं’ हेसुद्धा पेशंटवरच झालं, म्हणून पायलटही मंजुरीनंतर. मागाहून मंजुरी मिळत नाही, कारण कमिटीचं कामच धोका घडण्याआधी तो तपासणं हे आहे. हेलसिंकी घोषणापत्र १९६४चं. स्वतंत्र समितीची अट त्यात १९७५च्या सुधारणेत आली. तेव्हापासून ‘आधी’ या शब्दात सवलत नाही. आधी गोळा केलेली माहिती कितीही स्वच्छ असली तरी ती टाकून द्यावी लागते. सगळी.

मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवलात? दुसरं हॉस्पिटल जोडलंत? पुन्हा कमिटीकडे, दुरुस्तीच्या अर्जासह. पत्रावर मुदत असते तीही बघा. औषध किंवा उपचार देऊन तुलना करणार असाल तर चाचणीची सार्वजनिक नोंदणीही पहिल्या पेशंटआधीच हवी. मोठी नियतकालिकं नंतरची नोंदणी स्वीकारत नाहीत.

पत्र आलं? तारीख परत वाचा. पहिल्या संमतीपत्रावरची तारीख त्यानंतरचीच असली पाहिजे.

माहिती गोळा करण्याआधी प्रत्येक रकान्याची व्याख्या लिहा. ‘धूम्रपान: हो/नाही’ पुरत नाही, पाच वर्षांपूर्वी सोडलेला माणूस कुठे टाकणार? एकक ठरवा: ग्लुकोज एका प्रयोगशाळेतून १२६ येतं, दुसरीकडून ७.०, आणि दोन्ही एकच आहेत, पहिलं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरं मिलिमोल प्रति लिटर. रक्तदाब पाच मिनिटं बसवून, योग्य मापाच्या कफने. नोंदींमध्ये शेवटचा आकडा सतत शून्य येत असेल तर मोजणारा अंदाजे लिहितोय. न मिळालेल्या उत्तराला शून्य लिहू नका, शून्य हेही उत्तर असतं. नावं वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डखाली. कामाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक.

एक्सेल तारखा स्वतःहून बदलतं. जनुकांची नावंसुद्धा ते तारखा समजून बदलत असे, इतकं की २०२० मध्ये नामकरण समितीने काही जनुकांची नावंच बदलली. तेव्हा रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा. फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या जागी.

विश्लेषण: कोणती कसोटी लावणार ते प्रोटोकॉलमध्येच ठरलेलं असावं. संख्याशास्त्रज्ञाकडे आकडे घेऊन शेवटी जाऊ नका, प्रश्न घेऊन सुरुवातीला जा. वीस तुलना करून एक ‘महत्त्वाची’ सापडली म्हणून नाचू नका, पाच टक्क्यांच्या कसोटीवर तेवढी योगायोगानेही येते.

लिखाण: निरीक्षणात्मक अभ्यासाला (उपचार न देता फक्त नोंदी घेणाऱ्या) स्ट्रोब या लिखाणाच्या तपासयादीची २२ कलमं समोर ठेवा. पद्धतीचा भाग आधी लिहा, प्रस्तावना नंतर. मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख पद्धतीच्या भागात. हो, पुन्हा तेच पत्र.

नियतकालिक: आठवड्यात छापू म्हणणारी टाळा. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, फुकट आहे. परिषदेचा सारांश शब्दमर्यादेत. पोस्टरचा आकार छापण्याआधी विचारा, उभा की आडवा तेही.