सीएनजी गाडी आहे? पेट्रोलला विसरू नका, आणि या चुकाही टाळा

खंबाटकी घाट अर्धा चढून झाला होता. मागच्या सीटवर आई, डिकीत लग्नाचा आहेर, आणि डॅशबोर्डवरचा गॅसचा शेवटचा दिवा लुकलुकत विझला. घाबरायचं कारण नव्हतं. गॅस संपला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, तशी ती गेली. दोन आचके दिले आणि बंद पडली. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता, पण टाकी पूर्ण रिकामी नव्हती. तासाभराने आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "साहेब, पेट्रोल शेवटचं कधी टाकलं होतं?" मला आठवेना. दिवाळीच्या आधी कधीतरी. आणि हा मे महिना.

टाकीतला पेट्रोल पंप जळाला होता. टोईंगचा खर्च, पंपाचा खर्च आणि आईचं "तुला सांगत होते, आपली एसटी बरी" हे वाक्य, असं सगळं मिळून वर्षभर गॅसवर वाचवलेल्या पैशांतला मोठा घास गेला. तेव्हापासून सोसायटीत कुणाची सीएनजी गाडी रुसली की लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा रोग गॅसमध्ये नसतोच. एका पत्र्याखाली दोन गाड्या असतात आणि आपण त्यातली एकच सांभाळतो.

पेट्रोल "फक्त अडीअडचणीला" ठेवणं

इंधन पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. टाकी कायम रिझर्व्हवर असली की पंप उघडा पडतो, तापतो आणि एक दिवस मान टाकतो. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सीएनजी किटमध्ये, म्हणजे पेट्रोलची गाडी गॅसवर चालवणाऱ्या जोडणीत, गाडी गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो, तिथे हे आणखी लवकर होतं. शिवाय बऱ्याच गाड्या सकाळी पेट्रोलवरच सुरू होतात आणि इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जातात. म्हणजे "मी पेट्रोल वापरतच नाही" हा समज मुळात चुकीचा. थोडं थोडं ते रोज संपतच असतं.

आता दुसरी बाजू. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. सहा-सहा महिने टाकीत पडलेलं पेट्रोल, त्यात आपला पावसाळा. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चिकट होतात, आणि नेमकं गरजेच्या वेळी पेट्रोलवर टाकल्यावर गाडी धक्के देते. टाकी गच्च भरून ठेवणं हाही उपाय नव्हे, कारण ते पेट्रोल शिळंच होत राहणार. मी पाव टाकी ठेवतो आणि रविवारी आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवतो. भाजी आणायला जातानाही चालतं.

याची गरज काय, असं वाटत असेल तर नोव्हेंबर २०२५ आठवा. ट्रॉम्बेला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गेल या सरकारी गॅस कंपनीच्या मुख्य वाहिनीचं नुकसान झालं, शहराला गॅस जिथून मिळतो त्या वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनचा पुरवठा विस्कळीत झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या पंपांवर गॅसचा ठणठणाट झाला. अशा दिवशी पेट्रोलवर नीट चालणारी गाडी आणि नावापुरतं पेट्रोल असलेली गाडी यांतला फरक कळतो. बजाजने जुलै २०२४ मध्ये फ्रीडम १२५ ही सीएनजी मोटारसायकल आणली, तिला २ किलो गॅसबरोबर २ लिटरची पेट्रोल टाकी दिली आहे. ती टाकी शोभेची नाही.

गाडी मिसिंग करते, म्हणून थेट गॅसचं ट्यूनिंग

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण इथे पैसे जातात आणि रोग तसाच राहतो. गाडी आचके देते, पिकअप गेला, सिग्नलला बंद पडते. मालक गॅसवाल्याकडे जातो, तो लॅपटॉप जोडून ट्यूनिंग करून देतो. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

आधी एक साधी परीक्षा घरीच करा. गाडी नीट गरम झाल्यावर एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून बघा. दोन्हींवर त्रास होत असेल तर बिचाऱ्या किटचा दोष नाही. ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना वीज पुरवणारी कॉइल किंवा एअर फिल्टर बघा. फक्त पेट्रोलवर त्रास असेल तर वर सांगितलेलं रामायण: पंप, पेट्रोल इंजेक्टर, शिळं पेट्रोल. फक्त गॅसवर त्रास असेल तरच गॅसच्या बाजूला वळा, आणि तिथेही पहिला संशय प्लगवरच घ्या. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. झिजून फट वाढलेला प्लग पेट्रोलवर कसंबसं निभावून नेतो, गॅसवर मात्र उघडा पडतो. मॅन्युअलमध्ये सीएनजीसाठी प्लगची वेगळी मुदत दिलेली असेल तर ती पाळा. एअर फिल्टरही तसाच. पुण्या-मुंबईच्या धुळीत तो आपल्या अंदाजाच्या आधी भरतो, आणि गॅसवरच्या इंजिनाला हवेची कमतरता लगेच जाणवते.

प्लग-फिल्टर ठीक निघाले तर रिड्यूसरकडे बघा. सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाला लागतो तो अगदी कमी दाबाने. दाब उतरवण्याचं हे काम रिड्यूसर करतो, आणि दाब एकदम उतरला की गॅस प्रचंड थंड होतो. म्हणून इंजिन थंड ठेवताना तापलेलं पाणी, म्हणजे कूलंट, रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं की रिड्यूसरवर चक्क बर्फासारखा पांढरा थर जमतो आणि गाडी गॅसवर घुसमटते. मेकॅनिक "रिड्यूसर गेला" म्हणत असेल तर आधी कूलंटची बाटली बघायला सांगा. मागे एका शेजाऱ्याचा नव्या रिड्यूसरचा खर्च अशा एका बाटलीने वाचवला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही येत असतं, ते गॅसच्या फिल्टरमध्ये साचतं. हा फिल्टर बदलायचा असतो हेच अनेकांना माहीत नसतं.

जुन्या गाडीचा आवाज बदलला किंवा सकाळी ती सुरू व्हायला कुरकुर करू लागली, तर व्हॉल्व्हची फट (क्लिअरन्स), म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत टॅपेट, तपासून घ्या. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटची झीज जास्त होते. कंपनीकडूनच सीएनजी म्हणून आलेल्या इंजिनात हे बऱ्यापैकी गृहीत धरलेलं असतं. पेट्रोलची गाडी विकत घेऊन नंतर किट बसवलेल्यांनी जास्त जपावं.

आणि घाटात ताकद कमी पडते, ती मात्र बिघाड नव्हे. तेच इंजिन गॅसवर दहाएक टक्के कमी ताकद देतं. चार माणसं, सामान आणि एसी असेल तर चढण सुरू व्हायच्या आधीच पेट्रोलवर टाका. ऐन वळणावर बटण दाबू नका.

पंपावर: "काटा मारला" म्हणून भांडण

६० लिटरचा सिलिंडर आहे, मग गॅस आठच किलो कसा बसला? हा वाद प्रत्येक पंपावर रोज ऐकू येतो. ६० लिटर हे सिलिंडरमध्ये मावणाऱ्या पाण्याचं माप आहे. त्यात गॅस बसतो साधारण नऊ-दहा किलो, तोही पूर्ण दाब मिळाला तर, आणि सिलिंडर कधीच पूर्ण रिकामा झालेला नसतो.

दाब मिळणं हे पंपाच्या जातीवर असतं. पाइपलाइन थेट पोचलेली आणि स्वतःचा कॉम्प्रेसर असलेली स्टेशनं म्हणजे मदर किंवा ऑनलाइन. जिथे पाइपलाइन नाही तिथे ट्रकवरच्या सिलिंडरांच्या चळतीतून, म्हणजे कॅस्केडमधून गॅस येतो. ती डॉटर स्टेशनं. दाब वाढवणारा बूस्टर कॉम्प्रेसर नसेल तर तिथे गॅस फक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. कॅस्केड १५० बारवर आलं असेल तर तुमच्या सिलिंडरमध्येही १५०च्या पुढे काटा जाणार नाही, भरणाऱ्या पोराशी कितीही हुज्जत घाला. ट्रक नुकताच आलेला असताना तिथे पोचणं हीच हुशारी.

उन्हाचाही हिशेब आहे. भरताना गॅस दाबला जातो, म्हणून तो तापतो. तापल्यामुळे दाब लवकर वर दिसतो आणि मशीन थांबतं. दहा किलोमीटर गेल्यावर गॅस थंड होतो आणि काटा खाली उतरतो. लोकांना वाटतं गळती आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी भरण्याऐवजी सकाळी लवकर भरून बघा. रांगही छोटी असते.

डॅशबोर्डवरचे चार दिवे दाब सांगतात, किलो नाही. त्यावरून मायलेज काढू नका. प्रत्येक भरण्याला ट्रिप मीटर शून्य करा आणि पावतीवरच्या किलोने भागा. एका वेळच्या आकड्यावरही जाऊ नका, चार-पाच भरण्यांची सरासरी घ्या. आजचा दाब आणि मागच्या वेळचा दाब सारखा नसतो.

भरताना नोझलपाशी सुसाट फुसफुस होत असेल तर बहुतेक वेळा गाडीच्या बाजूची ओ-रिंग फाटलेली असते. किरकोळ वस्तू आहे, बदलून घ्या. धुळीची टोपी हरवली असेल तर तीही. आणि गाडीतून सगळ्यांनी उतरायचं, अगदी झोपलेल्या मुलालाही उचलून घेऊन. आमच्या आईला गुडघेदुखी आहे, तरी ती उतरते. याला अपवाद नाही.

हायड्रो टेस्टची तारीख फक्त पंपवाल्याला माहीत असणं

सिलिंडरची दर ३ वर्षांनी तपासणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, करावी लागते. त्यात तो पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. तारीख गाडीवर लावलेल्या छोट्या प्लेटवर असते, बहुधा गॅस भरायच्या तोंडाजवळ. ती टळली की पंपावर गॅस नाकारतात, आणि तोही बरोबर रांगेत पाऊण तास काढल्यावर. मोबाईलमध्ये दोन महिने आधीचं स्मरण लावून ठेवा. टेस्टला सिलिंडर उतरवावा लागतो, गाडी एक-दोन दिवस अडकते, सुट्टीच्या तोंडावर तर जास्तच.

"ओळखीचा आहे, नुसती प्लेट करून देतो" म्हणणारेही भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका, एवढंच सांगतो. सिलिंडर तुमच्या मुलांच्या पाठीमागे असतो. या सिलिंडरांची मंजुरी ज्या खात्याकडे आहे त्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे; टेस्ट करणाऱ्याकडे त्यांची मान्यता आहे का हे विचारायला लाजू नका.

किट नंतर बसवलं असेल तर आरसी बुकात इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं चढवून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. ही नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडकायला निमित्तच मिळतं. किट तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर आहे का तेही बघा. कापाकापी करून बसवलेली स्वस्त वायरिंग मला गॅसपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

वास आला की काच बंद, एसी चालू

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळतात. तो आला की सेंट फवारायचं नसतं. गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, चारी दारं आणि डिकी उघडा, माणसं लांब करा. मग डिकीत सिलिंडरच्या तोंडाशी असलेला हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. तो नेमका कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरतो हे आज सावकाश बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो कार्पेटखाली, सामानाखाली दडलेला असतो.

घरच्या एलपीजीचा नियम इथे उलटा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो; सीएनजी हलका, वर निघून जातो. म्हणून उघड्या जागेत तो लवकर विरतो, बंद गॅरेजात मात्र छताखाली साठतो. बारीक गळतीची शंका असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गाडी पेट्रोलवर टाकून गॅसवाल्याकडे न्या. त्यासाठी टाकीत पेट्रोल लागतं, हे आलं ना लक्षात?

गाडी घेतानाच चुकलेला हिशेब

महाराष्ट्राने एप्रिल २०२२ मध्ये सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा अनेकांनी डोळे मिटून सीएनजी मॉडेल घेतलं. त्याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा ते साधारण ९५ हजार रुपयांनी महाग धरा. पेट्रोल १०४ रुपयांना आणि मायलेज १८, गॅस ९० रुपयांना आणि मायलेज २५ धरलं, तर किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास वाचतात. वरचे पैसे सुटायला ४३ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याला ६ वर्षं. रोज पिंपरी ते हिंजवडी करणाऱ्याचं गणित निराळं. रविवारी सासरवाडीला जाणाऱ्याने पेट्रोलच घ्यावं, डिकी तरी मोकळी मिळेल.

कोकणात जाणार असाल तर वाटेतल्या पंपाला निघण्याआधी फोन करा. "गॅस आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "आहे, या" असंच येतं. विचारायचं असं: "गॅसची गाडी कधी येणार?"