गावच्या इतिहासाचं नाटक बसवताय? मग या चुका टाळा

चैत्र लागला की माझा फोन वाजायला लागतो. "तात्या, यंदा यात्रेला ऑर्केस्ट्रा नको म्हणतंय मंडळ. आपल्या भागातल्या प्रतिसरकारवर नाटक करायचं ठरलंय." दिवस किती आहेत विचारलं की उत्तर येतं, "पंधरा-वीस तरी आहेत." आणि संहिता? "लिहितोय की एक पोरगं." पुढचं न ऐकताही मी सांगू शकतो, कारण पंचवीस वर्षं विंगेत उभं राहून त्याच त्या चुका पाहतोय.

प्रतिसरकार म्हणजे बेचाळीसच्या 'चले जाव' चळवळीतून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांना डावलून इथं चाललेलं लोकांचं सरकार, त्यालाच पत्री सरकारही म्हणतात. सातारा-सांगलीकडं बेचाळीसचा विषय निघाला की घरटी एक भूमिगत निघतो. कोणी नाना पाटलांना रानातल्या वस्तीवर लपवलेलं असतं, कोणाच्या आजीनं तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, पोरांना रात्री-अपरात्री भाकरी करून दिलेल्या असतात. राजा-राणीच्या नाटकात तुम्ही सांगाल ते लोक ऐकून घेतात. इथं समोर सतरंजीवर बसलेल्या बाईच्या सासूचीच गोष्ट तुम्ही तिला सांगताय. ती ऐकून घेणार नाही.

आधी किरकोळीतलं उरकतो. वडूजचा मोर्चा ९ सप्टेंबर १९४२ चा, आणि पोरं हातात अशोकचक्राचा तिरंगा घेऊन निघतात. अहो, तो ध्वज संविधान सभेनं स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. बेचाळीसच्या तिरंग्यावर चरखा होता. तो रंगवायला एक तास लागतो, पण दुकानात तयार मिळत नाही म्हणून कोणी करत नाही. एका गावात हे पाहून निवृत्त हेडमास्तर भर प्रयोगात उठून उभे राहिले होते आणि मला मान खाली घालावी लागली होती. दुसरं, चौकीवरची पाटी. 'पोलीस ठाणे, जि. सांगली' असं झोकात रंगवतात. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता आणि सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. १९४९ ला उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव पडलं १९६० मध्ये. तिसरं, लुटीच्या पिशवीतून गांधीजींचं चित्र असलेल्या नोटा बाहेर काढतात. त्या वेळच्या नोटेवर सहावा जॉर्ज होता. नोटा दाखवूच नका, नुसती पिशवी आपटा.

आता माझं दुखणं. थप्पड.

भवानीनगरचा प्रसंग या नाटकांत हमखास असतो, आणि असायलाच हवा, कारण तो मुळातच नाटक होता. साल १९४३. नाना पाटलांची मुलगी हौसाताई तेव्हा सतराएक वर्षांची. चौकीतली हत्यारं काढायची होती. म्हणून एक साथीदार नवरा झाला, ह्या बायको झाल्या आणि चौकीसमोर दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. त्यानं मारलं, वर डोक्यात दगड घालतो म्हणून दगड उचलला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बंदुका-काडतुसं उचलली. त्यानं जरा जास्तच जोरात मारलं, अशी तक्रार हौसाताई म्हातारपणीसुद्धा करायच्या. असा आयता प्रसंग हाती लागल्यावर तो बिघडवायचा कसा? आम्ही बिघडवला होता.

आमचा 'नवरा' कारखान्यावर वजनकाट्याला होता, स्वभावानं गोगलगाय. 'हौसाताई' त्याच्या गल्लीतलीच मुलगी. तालमीत तो हातच लावेना. म्हणाला, "तात्या, ती मला भाऊबीजेला ओवाळते." मी म्हटलं, राहू दे, प्रयोगाला जमेल. ही चूक माझी. 'प्रयोगाला जमेल' हे मी तेव्हापासून कोणाच्याही तोंडून चालवून घेत नाही. प्रयोगाला त्यानं गालावरचा डास हाकलावा तसा हात फिरवला. बायकांच्या बाजूनं हशा आला. पोरगा बिथरला आणि दुसऱ्या वेळेला त्यानं खरोखरची ठेवून दिली. तिच्या कानातला डूल उडाला, वाक्य विसरलं, डोळ्यांत खरं पाणी. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. प्रॉम्प्टर मागून ओरडतोय, "मेले ग आई म्हण! मेले ग आई म्हण!" तेवढं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं.

मग आला दगड. दगड थर्माकोलचा. त्याला पोरांनी ऑइल पेंट मारला होता, त्यानं थर्माकोल विरघळून दगडाला खड्डे पडले होते. एकानं "चांगलं दिसतंय, खडकाळ वाटतंय" म्हणून तसाच ठेवला. नवऱ्यानं दगड डोक्यावर उचलला आणि एप्रिलचा वारा आला. दगड हातातून निघाला, स्टेजवर दोनदा उडी मारली आणि पुढं बसलेल्या पोरांत जाऊन पडला. एका पोरानं इमानदारीनं तो परत स्टेजवर फेकला. चौकीतून बाहेर आलेला हवालदार पोट धरून हसत होता. मागं बंदुका पळवल्या गेल्या, त्या कोणी पाहिल्याच नाहीत.

तेव्हापासून थप्पड मी पहिल्या तालमीला बसवतो, पाठांतराच्याही आधी. मारणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडं, मार खाणारी त्याच्या पलीकडं. हात गालाच्या वीतभर पुढून जातो. आवाज करायचा तो मार खाणारीनं, छातीच्या खाली टाळी वाजवून. मारणाऱ्याच्या अंगाआड ती झाकली जाते. टाळी आणि मान वळणं एकाच क्षणी. रोज तीस वेळा, पंधरा दिवस. नवीन पोरांना याचा कंटाळा येतो. त्यांना लांबलचक भाषण हवं असतं, मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून. भाषण कोणीही ठोकतो हो.

आणि दगड असा करा: तारेच्या जाळीचा गोळा, आत चिंध्या आणि दीड किलो वाळूची घट्ट शिवलेली पिशवी, वरून गोणपाट, त्यावर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाचे तीन थर, मग डिस्टेंपर आणि शेवटी खरी माती. वजन असलं की उचलताना खांदे आपोआप वाकतात, अभिनय शिकवावा लागत नाही. फक्त तो फेकायचा नाही, उचलून धरायचा, आणि मुलगी दोन हात लांब. थर्माकोलला मी आता गणपतीच्या मखरातसुद्धा हात लावत नाही.

दुसरी मोठी चूक कागदावरची. खबऱ्याचं नाव.

पत्री सरकारच्या प्रत्येक नाटकात एक खबऱ्या असतो. आमच्या लेखकानं, तरणा होता, पारावरच्या चार म्हाताऱ्यांना विचारून गावातल्याच एका माणसाचं नाव-आडनावासकट पात्र केलं. माणूस जाऊन चाळीस वर्षं झालेली, कोणाला काय वाटणार? आमचं स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून वर फळ्या. रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी पाहतो तर ट्रॉली एकच. दुसरी तिच्या मालकानं पहाटे नेली होती. ना भांडण, ना शिवीगाळ. मी घरी गेलो तर त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "तात्या, आमच्या आज्ज्याचं नाव घ्यायचं तर घ्या. पण आमच्याच ट्रॉलीवर उभं राहून घेऊ नका."

मग त्यानं त्याच्या घरात सांगतात ती गोष्ट सांगितली. पारावरची वेगळी, ह्याच्या घरातली वेगळी. कोणती खरी, ते ठरवणारा मी कोण? मधल्या एका दुपारीत आम्ही पात्राचं नाव काढलं, अंगावर घोंगडं दिलं, तोंड दिसू द्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी ट्रॉली परत जागेवर. पुढं आठवडाभर पारावर तो घोंगडंवाला कोण यावरून वाद चालले होते, त्याला माझा इलाज नाही.

म्हणून माझी सवय अशी: ज्यांचं नाव नाटकात येणार, चांगलं असो वा वाईट, त्या प्रत्येक घरी जाऊन त्यांचा प्रवेश मोठ्यानं वाचून दाखवायचा. मोबाइलवर पाठवायचा नाही. समोर बसून वाचलं की लोक थांबवतात, "असं नव्हतं, त्यांच्या हातात काठी नव्हती, विळा होता." तुमच्या लेखकानं रात्र जागून लिहिलेल्या चार पानांपेक्षा तो विळा भारी असतो. शिवाय त्या घरातून एखादं जुनं धोतर, तांब्या, कंदील आपण होऊन पुढं येतो. ड्रेपरीवाल्याकडच्या भाड्याच्या कपड्यांत सगळे भूमिगत एकाच लग्नाला निघाल्यासारखे दिसतात, नवीन टोप्या, कडक इस्त्री. ते धोतर वर्षानुवर्षं धुतलेलं असतं, ते कळतं.

तसंच त्या 'पत्री' नावाचं. खबऱ्या-गुंडांना शिक्षा म्हणून पायाला पत्रा ठोकायचे असं काही सांगतात, तळपायावर काठीचे फटके असंही सांगतात, आणि 'प्रति'चं 'पत्री' झालं असंही. नवख्या मंडळींना मात्र हा शिक्षेचा प्रवेश रंगमंचावरच हवा असतो, लाल रंगाची बाटली घेऊन. अंधारात काठीचा एक आवाज पुरतो.

गोळीबार. याच्यावर माझे दोन बोल ऐकाच. पडद्यामागं सुतळी बॉम्ब लावू नका. मांडवाचं कापड कसं पेट घेतं ते मी पाहिलंय, विझवायला पिण्याच्या पाण्याचा पिंप होता म्हणून वाचलो. आणि मोबाइलवरून ब्लूटूथनं आवाज सोडू नका. तो अर्धा सेकंद उशिरा येतो. हुतात्मा आधी पडतो, गोळी मागून सुटते. एकदा तर मोर्चावर बंदुका रोखल्या आणि स्पीकरमधून ऑपरेटरच्या बायकोचा फोन वाजला. माझ्याकडं हलगीवाला असतो. विंगेत बसतो, शिपायाच्या खांद्यावर नजर ठेवतो, खांदा हलला की हलगीच्या काठावर एकच थाप. त्याच क्षणी वरचा हॅलोजन लावून विझवायचा. लहान पोरं दचकतात. हलगीवाल्याला मानधन द्या, आणि नटांच्या आधी द्या.

शेणोलीची गाडी. ७ जून १९४३. रुळांवर दगड रचून गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम नेली. हे कळलं की प्रत्येक मंडळाला प्लायवूडचं इंजिन करायचं असतं. इंजिन विंगेत अडकतं. दर वेळी अडकतं. गाडी आणू नका, गाडीला बघणारी माणसं दाखवा: काळोख, समोरून हळूहळू मोठा होत येणारा एक दिवा, आणि पत्र्याच्या डब्यात वाळू-खडे घालून हलवणारा एक ताल कळणारा माणूस. तेव्हा तिथून मीटर गेजची कोळशाची गाडी जायची. त्यामुळं विजेच्या गाडीचा भोंगा डाउनलोड करून लावू नका, कळतं ते.

नानांची भूमिका देणगी जास्त देणाऱ्याला देऊ नका. एवढंच.

वेळ. परवान्यावर दहाची वेळ असते, सूट मिळालीच तर बारा. पण सात ते नऊ सत्कार चालतात. शाल, नारळ, पुन्हा शाल. मग नाटकाचा दुसरा अंक दिग्दर्शकानं विंगेत उभ्या-उभ्या कापायचा, आणि ज्याचं काम कापलं तो वर्षभर बोलत नाही. मी सत्कार मध्यंतरात ठेवतो आणि पाहुण्यांना सांगतो की जनरेटरचं डिझेल मोजून आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र संहिता पुरी झाल्या-झाल्या मागा, आदल्या आठवड्यात धावाधाव करून नाही.

मेकअप: मे महिन्यात क्रेपच्या मिशा पहिल्या अंकाअखेर सुटतात. महिनाभर आधी खऱ्या वाढवा. पोरं लाजतात, बायका हसतात, पण मिशी जागेवर राहते.

आणि शेवटची, जी कोणी चूक धरतच नाही. प्रयोग संपला की सगळे जेवायला पळतात आणि दोन पोरं रात्री दोन वाजता फळ्यांचे खिळे उपटत बसतात. घराघरातून आणलेले तांबे, कंदील, घोंगडी दुसऱ्या दिवशी कोणाची कोणती ते कळत नाही. आम्ही प्रत्येक वस्तूला चिकटपट्टी लावून घराचं नाव लिहितो, एका वहीत नोंद, आणि त्याच रात्री वहीवर खूण केल्याशिवाय माझ्यासकट कोणी ताटावर बसत नाही.

त्यावरून आठवलं. माझा तो दीड किलोचा दगड मागच्या वर्षी एका मंडळानं नेला, तो अजून आलेला नाही. नाव लिहीत नाही. पण बुडाला निळी चिकटपट्टी आहे, बघा, आणि यात्रेच्या आत आणून द्या.